बापाच्या नावाचा भाव

स्टड फार्मवर सगळ्यात जास्त राबतो तो टीझर. त्याचं नाव कुठल्या जाहिरातीत येत नाही आणि त्याच्या आईबापांची चौकशीही कुणी करत नाही. बहुतेकदा तो साध्या जातीचा घोडा असतो, कधी नुसतं तट्टू. फेब्रुवारीच्या मध्याला पैदाशीचा हंगाम सुरू झाला की सकाळी त्याला गादी ठोकलेल्या फळीच्या एका बाजूला उभं करतात आणि पलीकडे एकेक घोडी आणतात. तो हुंगतो, खिंकाळतो, मानेला हलकेच दात लावतो. घोडी आलंगावर नसेल तर कान पाडून किंचाळते, मागचे पाय झाडते आणि फळी दणाणते. आलंगावर असेल तर शेपटी बाजूला घेऊन थोडंथोडं मुतते, जागची हलत नाही. एवढं कळलं की टीझरचं काम संपलं. मोतद्दार त्याला ओढून मागे फिरवतो आणि तो सहजासहजी फिरत नाही. पुढचा मान दुसऱ्याचा. पशुवैद्य सोनोग्राफी करून वेळ ठरवतो. मग घोडीची शेपटी पट्टीत गुंडाळतात, मागच्या खुरांना जाड मऊ बूट चढवतात, वरच्या ओठाला दोरीचा पिळा देतात, मानेवर कातडं टाकतात, कारण स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा घोडा, चावतो. हेल्मेट घातलेला माणूस स्टॅलियनला शेडमध्ये आणतो. चार-दोन मिनिटांत सगळं आटोपतं आणि वहीत नोंद होते.

त्या चार-दोन मिनिटांची किंमत बापाच्या नावावर ठरते. इंग्लंडच्या फ्रँकेल या स्टॅलियनची २०२४ची फी साडेतीन लाख पौंड होती, म्हणजे आपल्याकडचे साडेतीन कोटी रुपयांहून जास्त. १९८०च्या दशकात नॉर्दर्न डान्सरसाठी दहा लाख डॉलर मोजले गेले, तेही शिंगरू जगेल याची हमी नसताना. हाच घोडा वर्षाचा असताना पंचवीस हजार डॉलरला कुणी घेतला नव्हता. अंगानं लहान म्हणून. पैसे मोजतात ते अर्थात मैथुनाचे नव्हे, वंशावळीचे. शर्यतीच्या घोड्यांची थरोब्रेड ही जातच मुळी वहीतून जन्मली. लंडनच्या जेम्स वेदरबीनं १७९१ पासून वंशावळीची वही छापायला घेतली आणि ज्यांचे आईबाप त्या वहीत नाहीत ती शिंगरं जातीबाहेर ठरली. आज जगातल्या जवळपास ९५ टक्के थरोब्रेड नरांची बापाकडची साखळी एकाच घोड्याशी जाऊन थांबते: १७०४ साली अलेप्पोहून यॉर्कशरला आणलेला डार्ली अरेबियन. ही साखळी पाहून माणसं भारावतात, पण ती नीट तपासायला हवी. बापाकडून मुलाकडे अखंड उतरतं ते फक्त वाय गुणसूत्र, आणि त्यावरचे जनुक मोजकेच. बाकी सगळं रक्त पिढीगणिक निम्मं होत, मिसळत आलेलं. मोठ्या घराण्याची सोयरीक जुळवताना आडनाव ऐकूनच मुलगा पसंत करावा, तसा हा व्यवहार आहे.

यातलं खरं किती, हे एडिनबरा विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००८ साली मोजून पाहिलं. घोडा आयुष्यभरात बक्षिसांचे जे पैसे मिळवतो, त्यातल्या फरकापैकी जनुकांच्या खात्यावर किती पडतो? उत्तर आलं सुमारे दहा टक्के. उरलेले नव्वद टक्के चारा, कुरण, ट्रेनर, जॉकी, दुखापत आणि नशीब यांचे. महागड्या स्टॅलियनची शिंगरं जास्त कमावतात हे त्यांनाही दिसलं. पण त्यांनी लावलेलं कारण वेगळं आहे. ज्याच्यापाशी एवढी फी भरायला पैसे असतात, त्याच्यापाशी उत्तम घोडी, उत्तम ट्रेनर आणि उत्तम जॉकीही असतो. डब्लिनच्या संशोधकांनी १९८८ साली बक्षिसांऐवजी घोड्याच्या कामगिरीच्या मानांकनावर हिशेब केला, तेव्हा आनुवंशिक वाटा एक तृतीयांशाच्या आसपास निघाला, हेही सांगायला हवं. म्हणजे रक्त ही थाप नाही. पण मालक फी भरतो ती मानांकनाच्या नव्हे, बक्षिसाच्या आशेनं, आणि तिथं दहा टक्केच.

घोड्यांतली जाणती माणसं यावर गॅलिलिओचं नाव पुढे करतात. बाप सॅडलर्स वेल्स, त्याचा बाप नॉर्दर्न डान्सर, आणि गॅलिलिओचा मुलगा फ्रँकेल, चौदापैकी चौदा शर्यती जिंकलेला. हे दहा टक्क्यांत बसतं का? बसतं. एक तर गॅलिलिओची आई अर्बन सी ही स्वतः पॅरिसची आर्क द त्रिऑम्फ जिंकलेली घोडी होती, आणि पुढे त्याच्याकडे वर्षानुवर्षं युरोपातल्या निवडक घोड्याच पाठवल्या गेल्या. श्रेय मात्र बापाच्या खात्यावर जमा झालं. दुसरं असं की ज्या स्टॅलियनची दहातली एक संतती मोठी शर्यत जिंकते, तो या धंद्यात अव्वल मानला जातो. हे दहा आणि मघाचे दहा वेगळे, पण ऐकताना कान टवकारतात, कारण याचा सरळ अर्थ असा की अव्वल बापाचीही बहुतेक पोरं मोठी शर्यत जिंकत नाहीत. द ग्रीन मंकी हे दोन वर्षांचं शिंगरू २००६ साली एक कोटी साठ लाख डॉलरला विकलं गेलं. ते तीनदा धावलं, एकदाही जिंकलं नाही आणि त्याची सगळी कमाई झाली १०,४४० डॉलर. सोळा शर्यती ओळीनं जिंकलेला सिगार स्टडवर आला तेव्हा तो वांझ निघाला आणि विमा कंपनीला भरपाई द्यावी लागली. सेक्रेटेरियटचं उदाहरण तर अख्ख्या बाजाराला कोड्यात टाकणारं आहे. १९७३च्या बेलमाँट शर्यतीत एकतीस लांबींनी जिंकलेल्या या घोड्याचे मुलगे बाप म्हणून निष्प्रभ ठरले. पण त्याच्या मुलींच्या पोटी ए. पी. इंडी, स्टॉर्म कॅट आणि गॉन वेस्ट जन्मले, तिघेही पुढे नामांकित सायर, म्हणजे पैदाशीचे बाप. आपल्याकडे खाण तशी माती म्हणतात. घोड्यांच्या बाजाराला ते कळत नाही असंही नाही, कारण लिलावाच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक शिंगराच्या पानावर खालचा मोठा भाग आईच्या घराण्याचाच असतो. तरी जाहिरातीच्या फलकावर बाप.

आणखी एक आक्षेप याहून वजनदार आहे. घोडी वर्षाला एकच शिंगरू देते, अकरा महिने पोटात वाढवून. स्टॅलियनची मात्र एका हंगामात शंभरावर होतात. म्हणजे बापाबद्दलची माहिती आईच्या कितीतरी पट असते, आणि माहिती असलेल्या मालाला भाव येणं रास्तच. हे मान्य करावं लागतं, पण अर्धंच. कारण स्टॅलियनची फी बहुधा सगळ्यात चढी असते ती तो नुकताच ट्रॅकवरून स्टडवर येतो तेव्हा, जेव्हा त्याचं एकही शिंगरू धावलेलं नसतं. त्याची पहिली पोरं ट्रॅकवर यायला तीन वर्षं जातात. या मधल्या काळात बहुतेकांची फी घसरत जाते. म्हणजे माहिती शून्य तेव्हा भाव जास्त. याला बाजाराचं शहाणपण म्हणता येत नाही, ही फॅशन आहे.

फॅशनची किंमत जातीला मोजावी लागते. जगभरच्या दहा हजारांहून अधिक थरोब्रेडचा २०२०चा जनुकीय अभ्यास सांगतो की गेल्या काही दशकांत जवळच्या नात्यातली पैदास वाढतच गेली आहे आणि ९७ टक्के वंशावळींत नॉर्दर्न डान्सर सापडतो. असा संबंध वाढला की घोडा मुळात शर्यतीला उभा राहण्याचीच शक्यता घटते, हे २०२२च्या अभ्यासात दिसलं. कृत्रिम रेतनाला थरोब्रेडमध्ये बंदी आहे ती याचसाठी, असं समर्थन केलं जातं. त्यात तथ्य आहे. रेतन चाललं असतं तर एकाच स्टॅलियनची हजारो शिंगरं झाली असती. पण सोनोग्राफीनं वेळ अचूक साधू लागल्यापासून नैसर्गिक पद्धतीनंही काही स्टॅलियन हंगामात दोनशेच्या वर घोड्या करतात, आणि उत्तर गोलार्धातला हंगाम संपला की त्यांतल्या काहींना विमानानं ऑस्ट्रेलियाला नेतात. अमेरिकन जॉकी क्लबनं २०२० साली एका स्टॅलियनला हंगामात १४० घोड्यांची मर्यादा घातली. मोठी स्टड फार्म कोर्टात गेली आणि फेब्रुवारी २०२२मध्ये नियम मागे घेतला गेला. दुर्मीळपणाच्या नावानं भाव घ्यायचा आणि माल मात्र घाऊक काढायचा, या दोन्ही गोष्टी त्यांना हव्या आहेत. 

भारतातला बाजारही त्याच तालावर चालतो. नॉर्दर्न डान्सरचा मुलगा रझीन हरियाणातल्या उषा स्टडवर आला आणि अनेक वर्षं देशातला अव्वल सायर राहिला. त्याच्या यशानंतर परदेशी नावांची ओढ वाढली नसती तरच नवल. नावाला एवढा भाव म्हटल्यावर ते तपासावंही लागतं. शिंगराच्या केसाच्या मुळावरून डीएनए तपासून बाप खरा की खोटा हे ठरवणारी स्टड बुक ऑथॉरिटी पुण्यातच आहे. आणि पुण्यातच १९४६ साली सुरू झालेल्या पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निकामी झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेत जायचे, धनुर्वातावरचं आणि सर्पदंशावरचं सीरम बनवण्यासाठी. तिथं घोड्याचा बाप कोण हे कुणी विचारत नाही. त्याला थोडं थोडं विष टोचतात, रक्त काढतात, त्यात प्रतिपिंडं किती आली ते मोजतात आणि त्यावर तो घोडा ठेवायचा की नाही ते ठरतं. हे घोडे बाहेर देण्याऐवजी औषध आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६ साली सायरस पूनावालांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली. एकाच घरातून निघालेल्या या दोन धंद्यांपैकी ज्याला वंशावळ लागत नव्हती, तोच जगभर पोचला.