घरचा ओव्हन धंद्याला लावताय? आधी त्याच्या मागची भिंत बघा



नवीन घर घेतलं, मॉड्युलर किचन केलं आणि त्यात हौसेनं बिल्ट-इन ओव्हन बसवला. सुरुवातीला घरच्या वाढदिवसाचा केक झाला. मग शेजारच्या काकूंनी विचारलं, "अगं, माझ्या नातवासाठी एक करून देशील का? पैसे घे हं." आणि बघता बघता व्हॉट्सॲपवर ऑर्डर यायला लागल्या. महाराष्ट्रात घरगुती बेकिंगचे कितीतरी व्यवसाय असेच सुरू होतात. तुमचाही असाच सुरू झाला असेल किंवा तुम्ही तशा तयारीत असाल, तर आजचा लेख तुमच्यासाठी.

आपण नेहमी किंमत, पॅकिंग, मार्केटिंग यावर बोलतो. आज ज्या मशीनवर हा सगळा धंदा उभा आहे, त्या मशीनबद्दल बोलू.

एक साधा हिशोब करा. घरगुती वापरात ओव्हन महिन्यातून दोनदा, तास-तासभर चालतो. म्हणजे महिन्याला २ तास. ऑर्डर सुरू झाल्या की तोच ओव्हन दिवसाला ४ तास, महिन्यातले २५ दिवस चालतो. म्हणजे १०० तास. ओव्हन तोच, प्लग तोच, भिंतीतली वायर तीच. काम मात्र ५० पट झालं!

पूर्वी दिवाळीत नानकटाईचं पीठ मळून, डबे घेऊन आपल्याकडच्या बायका बेकरीत जायच्या. भट्टी बेकरीवाल्याची, ती सांभाळायची जबाबदारीही त्याचीच. आता भट्टी तुमच्या घरात आली आहे. म्हणजे भट्टीवालेही तुम्हीच. आणि फरक असा, की बेकरीच्या भट्टीशेजारी कुणाची मुलं झोपलेली नसतात. तुमच्या भट्टीशेजारी असतात. म्हणून सुरक्षितता हा "नंतर बघू" म्हणायचा विषय नाही. ती तुमच्या धंद्यातली पहिली गुंतवणूक आहे.

१. आधी विजेचं गणित

ओव्हनचं दार उघडा. चौकटीवर एक छोटी पट्टी दिसेल. तिच्यावर वॅट लिहिलेले असतात. बिल्ट-इन ओव्हन साधारण २००० ते ३५०० वॅटचे असतात. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. ३००० वॅटचा ओव्हन म्हणजे सुमारे १३ अँपिअर.

आता भिंतीकडे बघा. मोबाइल चार्जर लावतो तो छोटा पॉइंट ६ अँपिअरचा, म्हणजे जेमतेम १३८० वॅटचा. मोठ्या पिनचा पॉवर पॉइंट १६ अँपिअरचा, म्हणजे ३६८० वॅटचा. ओव्हनला हा मोठा पॉइंटच हवा, आणि तोही एकट्या ओव्हनसाठी. त्याच लाइनवर २००० वॅटचा गीझर असेल तर त्याचे ९ अँपिअर वाढले. १३ आणि ९ मिळून २२. आता १६ अँपिअरची लाइन काय करणार? एमसीबी पडणार.

इथेच बरेच जण मोठी चूक करतात. "सारखी एमसीबी पडते, जरा मोठी बसवून द्या," असं इलेक्ट्रिशियनला सांगतात. मित्रांनो, असं कधीही करू नका. एमसीबी तुम्हाला त्रास द्यायला पडत नाही, ती भिंतीतल्या वायरचा जीव वाचवायला पडते. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली, तर एमसीबी पडणार नाही, पण वायर आतल्या आत तापेल. आणि भिंतीतली तापलेली वायर डोळ्यांना दिसत नाही.

मग इलेक्ट्रिशियनकडून काय करून घ्यायचं? हे लिहून ठेवा:

• बोर्डापासून ओव्हनपर्यंत स्वतंत्र लाइन आणि तिला स्वतंत्र एमसीबी. वायरची जाडी ओव्हनचे वॅट आणि अंतर बघून ठरवायची, अंदाजाने नाही.
• अर्थिंग खरोखर चालू आहे का, हे मीटर लावून तपासणं. नुसती तिसरी पिन असली म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही. ओव्हनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर त्याच क्षणी वापर बंद.
• ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. करंट गळती झाली की ही लगेच वीज तोडते. तिच्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून बघा. खटका पडलाच पाहिजे.
• ओव्हनचा स्विच हाताला सहज लागेल असा, शक्यतो बाजूला. गरम ओव्हनच्या मागे हात घालून स्विच बंद करायची वेळ कधी येऊ नये.

एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. आणि प्लग काढून महिन्यातून एकदा बघा. पिन काळी पडली आहे, प्लास्टिक पिवळं झालंय किंवा जळका वास येतोय, तर ओव्हन ओरडून सांगतोय की सॉकेट ढिलं आहे.

वीजबिलावर "मंजूर भार" असा रकाना असतो, तोही वाचा. ओव्हन, गीझर, एसी, इस्त्री एकाच वेळी चालवलं तर त्या भाराच्या पुढे जाता का, याची बेरीज करा.

२. ओव्हनला श्वास घेऊ द्या

बिल्ट-इन ओव्हन कपाटात बंद असतो. त्याची उष्णता बाहेर जायला मागे आणि वर-खाली मोकळी जागा लागते. किती, ते त्याच्या पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. सुतारकाम करणाऱ्याने "फिनिशिंग छान दिसावं" म्हणून ती फट बंद केली असेल, तर ती उघडून घ्या. प्लायवूड रोज चार तास तापत राहिलं तर ते कोरडं होत जातं, रंग बदलतो, लॅमिनेट सुटतं. कपाट गडद पडायला लागलंय का, यावर नजर ठेवा.

ओव्हन बंद केल्यावरही बऱ्याच मॉडेलमध्ये पंखा थोडा वेळ घरघरत राहतो. तो ओव्हनला थंड करत असतो. वीज वाचवायला म्हणून लगेच मेन स्विच बंद करू नका. पंखा आपोआप थांबू द्या.

आणि शेजारच्या ट्रॉलीत काय आहे? आपल्याकडे ओट्याखालच्या ट्रॉलीत गॅस सिलिंडर ठेवायची पद्धत आहे. ओव्हनला लागून असलेल्या कप्प्यात सिलिंडर नको. तेलाचे डबे, सॅनिटायझर, केकचे पुठ्ठ्याचे बॉक्स, प्लास्टिकच्या पिशव्या हे सगळंही तिथून हलवा. गॅसचा वास आला, तर ओव्हनच काय, कुठलंच बटण चालू किंवा बंद करायचं नाही. खिडक्या-दारं उघडायची, रेग्युलेटर बंद करायचा आणि बाहेर पडायचं.

३. ऑर्डर घेण्यापूर्वी ओव्हनला विचारा

घाई झाली की अपघात होतो. आणि घाई होते कारण आपण ओव्हनची क्षमता न बघता "हो, देते ना!" म्हणून टाकतो.

समजा, दिवाळीत १० किलो नानकटाईची ऑर्डर आली. किलोत साधारण ४५ नग धरले, तर ४५० नग झाले. एका ट्रेमध्ये २४ बसतात, म्हणजे १९ ट्रे. एका वेळी दोन ट्रे लावले, तर १० फेऱ्या. भाजणं, ट्रे बदलणं, ओव्हनला परत तापमान गाठू देणं हे सगळं मिळून फेरीला अर्धा तास. म्हणजे सलग ५ तास! त्यात मळणं, थंड करणं, पॅकिंग आलंच नाही.

हा आकडा हातात असला की तुम्ही ग्राहकाला खरी तारीख सांगता. नसला, तर रात्री दोन वाजता डुलक्या घेत ट्रे बाहेर काढता आणि हात भाजून घेता. म्हणून नियम करा. आपल्या ओव्हनची दिवसाची मर्यादा ठरवा, ती भिंतीवर चिकटवा आणि त्यापलीकडची ऑर्डर दुसऱ्या दिवसाची घ्या. नाही म्हणता येणं हेसुद्धा उद्योजकाचंच कौशल्य आहे.

वीजखर्चही याच हिशोबातून निघतो. ३ किलोवॅटचा ओव्हन ५ तास अखंड तापत राहिला तर १५ युनिट. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट मध्येमध्ये कॉइल बंद करतो, म्हणून युनिट यापेक्षा कमी लागतात. पण किंमत ठरवताना १५ धरा, म्हणजे अंगावर येणार नाही.

४. रोज पाळायच्या सवयी

• चालू करण्यापूर्वी आत बघा. रिकामा ट्रे, विसरलेला बटर पेपर, कधी मुलांचं खेळणंसुद्धा आत सापडतं.
• बटर पेपर ट्रेच्या मापाचा कापा. बाहेर आलेला कागद पंख्याच्या हवेनं उडून कॉइलला लागला की पेट घेतो. मेणकागद तर ओव्हनमध्ये चालतच नाही.
• ओव्हनच्या तळाला ॲल्युमिनियम फॉइल अंथरू नका. खाली कॉइल असते. उष्णता अडकते आणि तळ खराब होतो.
• दार उघडताना समोर वाकू नका. बाजूला उभं राहून आधी थोडं उघडा, वाफ जाऊ द्या, मग पूर्ण उघडा. चष्मेवाल्यांनी तर नक्कीच.
• हातमोजे कोरडेच हवेत. ओल्या फडक्यातून उष्णता क्षणात हाताला पोचते.
• नायलॉनचा गाऊन, लोंबती ओढणी, सुटा पदर नको. सुती कपडे, वर जाड एप्रन.
• काचेचं भांडं फ्रीजमधून थेट गरम ओव्हनमध्ये किंवा ओव्हनमधून थेट ओल्या ओट्यावर ठेवू नका. तडकतं.
• उघड्या दारावर जड ट्रे टेकवू नका आणि मुलांना दाराला लोंबकळू देऊ नका. दाराची काच बाहेरूनही तापते. भाजणं सुरू असताना ओव्हनसमोर जमिनीवर रंगीत टेप लावून "इथून पुढे यायचं नाही" अशी रेष आखा. लहान मुलांना रेष कळते.
• रोजचं काम संपल्यावर, ओव्हन गार झाल्यावर सांडलेलं लोणी-साखर पुसून घ्या. उद्याचा धूर आजच्या थेंबातून येतो.

५. लाइट गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न टाळता येत नाही. लाइट गेली की पहिलं काम म्हणजे ओव्हनचं बटण शून्यावर आणणं. बटणं फिरवायचा साधा ओव्हन असेल, तर लाइट आल्यावर तो आपोआप तापायला लागतो. तेव्हा तुम्ही घरात नसाल तर? घरच्या इन्व्हर्टरवर ओव्हन जोडायचा प्रयत्न करू नका. तो पंखे-दिव्यांसाठी असतो, ३००० वॅटसाठी नाही.

६. झालंच काही, तर

ओव्हनच्या आत ज्वाळा दिसल्या, तर दार उघडू नका! दार बंद राहिलं की हवा मिळत नाही आणि आग बहुतेक वेळा आतच विझते. स्विच बंद करा, जमलं तर एमसीबी पाडा. पाणी अजिबात टाकू नका. आग बाहेर यायला लागली, तर घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. ट्रे, ऑर्डर, मोबाइल आणायला परत आत जायचं नाही. एबीसी पावडरचा आयएसआय मार्क असलेला छोटा अग्निशामक घ्या आणि तो ओव्हनच्या वर नाही, तर किचनच्या दाराजवळ लावा. आग लागल्यावर आपण दाराकडेच जाणार असतो.

हात भाजला, तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. अंगठी-बांगडी लगेच काढा. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ यांतलं काहीही लावू नका. फोड मोठा असेल, चेहरा भाजला असेल किंवा लहान मूल असेल, तर डॉक्टरकडेच. रुग्णवाहिकेसाठी १०८.

७. कागद आणि पैसा

ओव्हनचं वॉरंटी कार्ड आणि घराच्या विम्याची पॉलिसी, दोन्ही बाहेर काढा. घरगुती उपकरणाच्या वॉरंटीत व्यावसायिक वापर वगळलेला असू शकतो. विम्यातही घरातून चालणाऱ्या व्यवसायाबद्दल अटी असू शकतात. एजंटला स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. खाद्यपदार्थ विकायचे म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी हवीच. ती करताना किचनची ही तयारीही एकदमच होऊन जाईल.

"एवढा खर्च कुठून आणू?" हा प्रश्न येणारच. उत्तर सोपं आहे, किमतीतून. प्रत्येक किलोमागे १० रुपये "ओव्हन फंड" म्हणून वेगळे काढा. महिन्याला ६० किलो माल गेला, तर ६०० रुपये, वर्षाला ७२०० रुपये. वायरिंगची तपासणी, नवे हातमोजे, अग्निशामक यांची सोय यातूनच हळूहळू होते. ग्राहक १० रुपयांसाठी सोडून जात नाही. तो सोडून जातो, जेव्हा त्याच्या मुलीच्या वाढदिवसाच्या सकाळी तुम्ही फोन करून सांगता की ओव्हन जळाला.

आजचा गृहपाठ

आज ऑर्डर नसेल तेव्हा अर्धा तास काढा. ओव्हनच्या पट्टीवरचे वॅट, पॉइंटचे अँपिअर, एमसीबीवरचा आकडा आणि बिलावरचा मंजूर भार असे चार आकडे एका कागदावर लिहा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. शेजारच्या ट्रॉलीतलं सामान हलवा. मग तो कागद घेऊन परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि विचारा, "हा ओव्हन रोज चार तास चालणार आहे. ही लाइन झेपेल का?" "रोज चार तास" हे शब्द विसरू नका, कारण घरगुती वापर समजून तो "चालेल हो" म्हणून जाईल.

तुमचे चार आकडे काय आले, ते व्हिडिओखाली कमेंटमध्ये नक्की लिहा. आणि तुमच्या ओळखीत कुणी घरून केक, ब्रेड, नानकटाई विकत असेल, तर आजची पुढची ट्रे ओव्हनमध्ये जायच्या आत हा लेख त्यांना पाठवा.