वरातीत काय वाजतं?

नाचाच्या गाण्यानं विचार करायला लावावा का? विली कोलोन आणि रुबेन ब्लेड्स यांनी १९७८ मध्ये ‘सिएम्ब्रा’ हा साल्साचा अल्बम काढला; नाचाच्या तालातच गल्लीतला खून सांगितला, दिखाऊपणाला चिमटे काढले. साल्सा त्यानंतर नुसता पायांचा राहिला नाही.

आपल्याकडे २०१६ चा ‘सैराट’ घ्या. अजय-अतुलची गाणी चारच. सिंफनीचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसला. ‘झिंगाट’ आपल्या धाराशिवच्या वरातींत शिरलं, २०१८ ला ‘धडक’मधून हिंदीत गेलं. पण ब्लेड्सचा प्रश्न गाण्यातच होता. आपला प्रश्न, जातीपायी झालेला खून, पडद्यावरच राहिला. गाणं तेवढं आपण घरी आणलं.

तेव्हा वरातीत नाचताना स्वतःला विचारू या: आर्ची-परश्याचं लग्न आपण आपल्या मांडवात लावलं असतं का?