खोडाळ्यास जाणारा लॅपटॉप

शहरांतील पुष्कळ घरीं एखादा वजनानें हलका लॅपटॉप कपाटांत पडून असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नियमित आधार संपला. नवें विंडोज त्यास पेलत नाहीं. म्हणून तो मोडींत काढावयाचा काय? मोखाडा तालुक्यांतील खोडाळ्याच्या एखाद्या विद्यार्थ्यास तोच पुढें कित्येक वर्षें उपयोगी पडेल. मात्र त्यावर लिनक्स बसविलें पाहिजे.

लिनक्स हा यंत्राकडून कामें करून घेणारा कारभारी होय. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें त्याचा गाभा लिहिला व सर्वांस खुला केला. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅकनें २००७ सालीं ‘बॉस’ हें त्याचें भारतीय रूप काढलें. त्यांत मराठीचीहि सोय आहे.

हलक्या लॅपटॉपांत रॅम बहुधा कायमची जोडलेली असते, ती वाढवितां येत नाहीं. यंत्र मोठें होत नसेल, तर कारभारी काटकसरी निवडावा. ‘लिनक्स मिंट’चें एक्सएफसीई रूप २ जीबी रॅमवरहि चालतें; ४ जीबी असल्यास उत्तम. यंत्र मात्र ६४ बिटांचें हवें.

प्रथम छायाचित्रें, दाखले, पत्रें हीं दुसरीकडे उतरवून घ्यावीं. नंतर मिंटची सुमारें ३ जीबीची फाइल शहरांतच उतरवून ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवावी. ती नुसती नकलून चालत नाहीं. त्याकरितां निराळा प्रोग्राम लागतो. लॅपटॉप सुरू होतांना एफ २ किंवा एफ १२ यांसारखी कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. ती कळ कंपनीपरत्वें निराळी असते.

आतां लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालूं लागतें. या अवस्थेंत मूळ डिस्कला धक्का लागत नाहीं. हीच खरी परीक्षेची वेळ. वायफाय, आवाज, कॅमेरा हीं नीट चालतात कीं नाहीं, तें पाहावें. सर्व जमलें तरच ‘डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय घ्यावा. त्यानंतर माघार नाहीं. या कामांत लॅपटॉप विजेस जोडलेला असावा. शेवटीं मराठी भाषा व इन्स्क्रिप्ट कळरचना निवडावी.

कसाऱ्याहून विहीगांवावरून डोंगरवाटेनें लॅपटॉप खोडाळ्यास पोंचला, म्हणजे दात्याचें काम संपलें असें नव्हे. उद्यां त्यांत बिघाड झाला, तर विद्यार्थ्यानें कोणाकडे धांव घ्यावी? म्हणून तो पेनड्राइव्ह व वरील कृतीचा मराठी कागद लॅपटॉपाच्या पिशवींतच घालावा. यंत्र देणें हें दान खरें. पण तें पुन्हां उभें करण्याची विद्या सोबत दिली, तरच तें टिकेल.