माकडांचे ऋण आणि विज्ञानाची कसोटी

रक्तगटाच्या अहवालावर ‘आरएच पॉझिटिव्ह’ किंवा ‘आरएच निगेटिव्ह’ अशी नोंद असते. ती बहुतेकांनी पाहिलेली असते. परंतु यातील ‘आरएच’ ही अक्षरे ‘ऱ्हीसस’ या माकडाच्या नावावरून आली आहेत, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. ऱ्हीसस म्हणजे उत्तर भारतातील गावांत, मंदिरांच्या आवारात आणि रेल्वे स्थानकांवर सर्रास आढळणारे लाल तोंडाचे माकड. गेल्या शतकातील वैद्यकाच्या इतिहासात या माकडाचा वाटा फार मोठा आहे. जैववैद्यकीय संशोधनात प्राण्यांचा वापर करावा की नाही, हा वाद प्रत्येक पिढीत नव्याने पेटतो. त्याच्या दोन्ही बाजू नीट समजून घ्यायच्या असतील, तर या एकाच प्राण्याची कहाणी पुरेशी बोलकी आहे.

१९४० साली कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी ऱ्हीसस माकडाचे रक्त सशांना टोचले. सशांच्या शरीरात तयार झालेला रक्तद्रव माणसांच्या रक्तात मिसळला असता, सुमारे ८५ टक्के नमुन्यांतील तांबड्या पेशींच्या गुठळ्या झाल्या. आरएच घटकाची ओळख पटली ती अशी. आईचे रक्त आरएच निगेटिव्ह आणि गर्भाचे पॉझिटिव्ह असेल, तर पुढच्या अपत्याच्या जिवाला धोका का निर्माण होतो, याचा उलगडा याच सुमारास झालेल्या संशोधनातून झाला. त्यावरील ‘अँटी-डी’ इंजेक्शन १९६८ मध्ये उपलब्ध झाले. गंमत अशी की, माकडाच्या रक्तातील घटक आणि माणसाच्या रक्तातील घटक हे एकच नव्हेत, असे पुढे सिद्ध झाले. नाव मात्र कायम राहिले. प्राण्यावरून माणसाविषयी काढलेला निष्कर्ष उपयुक्त ठरू शकतो, पण तो तंतोतंत खरा असेलच असे नाही, याचे हे पहिले उदाहरण होय.

पोलिओचा धडा

पोलिओच्या संशोधनात हेच सत्य अधिक कठोरपणे सामोरे आले. १९०८ साली व्हिएन्नामध्ये लँडस्टायनर आणि एर्विन पॉपर यांनी या रोगाने दगावलेल्या एका मुलाच्या मज्जारज्जूचा अंश निरनिराळ्या प्राण्यांना टोचून पाहिला. ससे, गिनिपिग व उंदीर यांना काहीच झाले नाही. माकडांना मात्र रोग जडला. पोलिओ हा संसर्गजन्य आहे आणि त्याचे कारण जिवाणूंहून सूक्ष्म आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. माकडांवाचून हा शोध त्या काळी लागणे अवघड होते.

परंतु पुढे याच माकडांनी संशोधकांची दिशाभूल केली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील सायमन फ्लेक्सनर यांनी ऱ्हीसस माकडांवर दीर्घकाळ प्रयोग केले. या माकडांना तोंडावाटे पोलिओची लागण सहसा होत नाही. नाकावाटे मात्र होते. त्यावरून पोलिओचा विषाणू नाकातून शिरतो आणि केवळ मज्जासंस्थेतच वाढतो, असा समज दृढ झाला. या समजापोटी १९३७ मध्ये कॅनडातील टोरांटो शहरात हजारो मुलांच्या नाकात झिंक सल्फेटचा फवारा मारण्यात आला. रोग त्यामुळे थांबला नाही. काही मुलांची वास घेण्याची शक्ती मात्र गेली. अखेर १९४१ च्या सुमारास, पोलिओने दगावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनातून अल्बर्ट सेबिन आणि इतरांनी हा विषाणू माणसाच्या आतड्यांत वावरतो हे दाखवून दिले. माकडावरील विसंबणे सोडून माणसाकडे पाहिले, तेव्हा खरी वाट सापडली.

तिला पूर्णत्व आले १९४९ मध्ये. जॉन एंडर्स, थॉमस वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू मज्जासंस्थेबाहेरील मानवी ऊतींमध्ये, काचेच्या भांड्यात वाढवून दाखवला. या कामगिरीबद्दल त्यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लशीसाठी हवा तेवढा विषाणू आता प्रयोगशाळेत पिकवता येणार होता. प्रश्न उरला तो कोणत्या ऊतींवर पिकवायचा एवढाच. त्याचे उत्तर पुन्हा माकडापाशीच आले.

भारतातून गेलेली माकडे

जोनास साल्क यांच्या लशीतील विषाणू माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवला जात असे. अमेरिकेत १९५४ मध्ये सुमारे १८ लाख मुलांचा सहभाग असलेली चाचणी झाली आणि एप्रिल १९५५ मध्ये लस यशस्वी झाल्याची घोषणा झाली. त्यानंतर माकडांची मागणी प्रचंड वाढली. ही माकडे प्रामुख्याने भारतातून जात. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांची वार्षिक संख्या लाखाच्या पुढे गेली होती. १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर शेकडो माकडे गुदमरून मेली, तेव्हा भारत सरकारने निर्यात काही काळ थांबवली. केवळ वैद्यकीय संशोधन व लसनिर्मिती यांसाठीच माकडे वापरण्याच्या अटीवर ती पुढे सुरू झाली.

या निर्यातीची किंमत इथल्या जंगलांनी आणि गावांनी मोजली. अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स साउथविक आणि अलीगढ विद्यापीठातील त्यांचे सहकारी यांनी १९५९ पासून उत्तर प्रदेशात माकडांच्या गणना केल्या. पुढील काही वर्षांत कळप घटत चालल्याचे आणि विशेषतः लहान वयाची माकडे कमी होत असल्याचे त्यांना आढळले. अमेरिकेत या माकडांचा उपयोग लष्करी स्वरूपाच्या किरणोत्सर्गाच्या प्रयोगांसाठी होत असल्याचे उघड झाले, तेव्हा अटींचा भंग झाल्याची भावना भारतात बळावली. मोरारजी देसाई पंतप्रधान असताना १९७८ मध्ये माकडांच्या निर्यातीवर पूर्ण बंदी घालण्यात आली. बंदी आली म्हणून पाश्चात्त्य संशोधन थांबले नाही. मात्र आयात माकडांऐवजी केंद्रांत पैदास करणे आणि पर्याय शोधणे यांना त्यामुळे चालना मिळाली.

पर्याय एका दृष्टीने आधीच जन्माला आला होता. १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात एका आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून पेशींचा असा वाण तयार झाला, की जो प्रयोगशाळेत सतत वाढवता येतो. ‘व्हेरो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पेशी आज जगभर लसनिर्मितीसाठी वापरल्या जातात. दर खेपेला नव्या माकडांचे मूत्रपिंड वापरण्यात आणखी एक धोका होता. माकडांच्या शरीरातील विषाणूही लशीत येऊ शकत. १९६० मध्ये ऱ्हीसस माकडाच्या पेशींमध्ये ‘एसव्ही ४०’ हा विषाणू सापडला. तत्पूर्वीच्या काही लशींमधून तो अनेकांपर्यंत पोचला होता. म्हणजेच पर्याय शोधणे ही केवळ भूतदया नव्हती. ती माणसाच्या सुरक्षिततेचीही गरज होती.

करोनाकाळातील वीस माकडे

ही कहाणी महाराष्ट्रात येऊन पोचते ती २०२० मध्ये. भारत बायोटेक आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी विकसित केलेली ‘कोव्हॅक्सिन’ ही लस व्हेरो पेशींवरच वाढवलेल्या विषाणूपासून बनते. तिची परिणामकारकता पडताळण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने ऱ्हीसस माकडांवर चाचणी घेतली. परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी ‘गोइंग व्हायरल’ या पुस्तकात या माकडांच्या शोधाची हकिकत सांगितली आहे. टाळेबंदीमुळे खायला घालणारी माणसे घरात बंद झाली होती आणि अन्नाच्या शोधात माकडे रानात खोलवर गेली होती. अखेर नागपूर परिसरात ती मिळाली.

२० माकडांचे पाच-पाचांचे चार गट करण्यात आले. तीन गटांना लशीचे निरनिराळे प्रकार देण्यात आले आणि एका गटाला लस दिली नाही. मग सर्वांना विषाणूची लागण करण्यात आली. लस न दिलेल्या गटात न्यूमोनियाची लक्षणे आढळली. लस दिलेल्यांची फुप्फुसे बचावली. माणसाला जाणूनबुजून लागण करून फुप्फुसांची ऊती तपासता येत नाही, आणि म्हणूनच हे उत्तर माकडांकडून घेतले गेले. मात्र येथेही क्रम ‘आधी प्राणी, मग माणूस’ असा सरळ नव्हता. लहान प्राण्यांवरील सुरक्षितता-चाचण्यांच्या आधारे माणसांवरील पहिला टप्पा जुलै २०२० मध्ये सुरू झाला. माकडांवरील निष्कर्ष सप्टेंबरमध्ये जाहीर झाले.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांवरील प्रयोगांचा भरवसा किती धरावा, हे लंडनमधील एका घटनेने जगाला शिकवले. मार्च २००६ मध्ये नॉर्थविक पार्क येथे सहा निरोगी स्वयंसेवकांना ‘टीजीएन १४१२’ हे औषध देण्यात आले. माकडांना निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या जेमतेम पाचशेव्या हिश्श्याइतके ते होते. तरीही काही तासांतच सहाही जण मरणाच्या दारात पोचले. सुदैवाने ते वाचले. माणसाच्या ज्या पेशींवर हे औषध तुटून पडते, त्यांची घडणच माकडांमध्ये वेगळी असते, हे नंतर कळले.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत ‘एलिक्झिर सल्फानिलामाइड’ हे औषध प्राण्यांवर कोणतीही चाचणी न करता विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. विक्रीपूर्वी औषध सुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याची सक्ती तेथे १९३८ च्या कायद्याने आली, ती याच शोकांतिकेनंतर. चाचणी चुकू शकते. चाचणीच नसणे मात्र त्याहून घातक ठरू शकते.

या दोन टोकांमधील मार्ग विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये सुचवला. शक्य तेथे प्राण्याऐवजी पर्याय वापरावा, प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवावी आणि त्यांच्या वेदना कमी कराव्यात, ही ती त्रिसूत्री. भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही हाच सूर आहे. ज्ञानवृद्धी व रोगनिवारण यांसाठी हा कायदा प्रयोगांना मुभा देतो. परंतु शक्य तेथे प्रयोग टाळावेत, मोठ्या प्राण्यांऐवजी लहान प्राणी वापरता येत असतील तर तेच वापरावेत आणि वेदना होऊ नयेत म्हणून भूल द्यावी, असेही बजावतो. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास भारताने २०१४ मध्ये मनाई केली.

विज्ञानही आता याच दिशेने चालले आहे. मानवी पेशींपासून बनवलेले सूक्ष्म अवयव, काचेच्या पट्टीवर रचलेली यकृत-फुप्फुसांची प्रतिरूपे आणि संगणकीय प्रारूपे यांचा उपयोग वाढतो आहे. नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायद्यातून काढली. भारतानेही २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती करून अशा पर्यायी पद्धतींना मान्यता दिली. तथापि संपूर्ण शरीरात औषध कसे फिरते, गर्भावर त्याचा काय परिणाम होतो, प्रतिकारशक्ती कशी जागी होते, या प्रश्नांची पुरी उत्तरे काचेच्या पट्टीवर अद्याप मिळत नाहीत.

म्हणूनच ‘प्रयोग हवेत की नकोत’ हा प्रश्न ठोकळेबाज ठरतो. या प्रयोगातून जे कळणार आहे, ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळू शकत नाही काय, आणि या प्राण्यावरून काढलेला निष्कर्ष माणसाला खरोखर लागू पडेल काय, हे प्रश्न प्रत्येक प्रयोगापूर्वी विचारले गेले पाहिजेत. भारतात नैसर्गिक (वन्य) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. त्या यशाच्या पायाशी उत्तर प्रदेशातून पिंजऱ्यांत भरून नेलेली असंख्य माकडे आहेत. हे ऋण विसरून चालणार नाही, आणि एकही माकड अकारण पिंजऱ्यात जाऊ न देणे हीच त्याची खरी परतफेड ठरेल.