शेजाऱ्याचे नुकसान आणि आपल्या घराचा विमा

चौथ्या मजल्यावर वॉशिंग मशीनची नळी निसटते. घरातली मंडळी लग्नासाठी गावी गेलेली. रात्रभर पाणी वाहते आणि सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचे पीओपीचे छत खाली येते. टीव्ही, गाद्या, कपाट सगळे भिजते. चौथ्या मजल्यावरच्यांनी घराचा विमा काढलेला आहे, हप्ताही वेळेवर भरलेला आहे. मग शेजाऱ्याच्या छताचे पैसे विमा कंपनी देईल ना? बहुतेक घरांत याचे उत्तर ‘हो’ असेच गृहीत धरलेले असते. ते बहुतेक वेळा ‘नाही’ असते.

कारण साधे आहे. घराचा विमा म्हणून आपण जे घेतो, तो आपल्या भिंतींचा आणि आपल्या सामानाचा विमा असतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी ठेवणे बंधनकारक झाले. पॉलिसी चांगली आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे, एवढे सगळे तिच्यात येते. अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीसुद्धा येते. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामान्य सामानाला विम्याच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. पण हे सगळे आपल्या नुकसानीचे. आपल्या हातून दुसऱ्याचे जे नुकसान झाले, त्याचा या मूळ पॉलिसीत समावेश नाही.

त्यासाठी वेगळा भाग असतो. एजंट त्याला ‘थर्ड पार्टी लायबिलिटी’ किंवा ‘पब्लिक लायबिलिटी’ म्हणतात. कंपन्यांच्या ‘हाउसहोल्डर्स पॅकेज’ प्रकारच्या पॉलिसीत आग, घरफोडी, दागिने, उपकरणांची मोडतोड असे निरनिराळे विभाग असतात, त्यांतलाच हा एक. तो निवडावा लागतो आणि त्याचा हप्ता वेगळा भरावा लागतो. अनेकदा एजंट फॉर्म भरताना हा रकाना कोरा सोडतो आणि आपणही विचारत नाही.

आता हा भाग नेमके काय देतो ते नीट समजून घेतले पाहिजे. आपल्या निष्काळजीपणामुळे बाहेरच्या माणसाला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले आणि कायद्याने भरपाईची जबाबदारी आपल्यावर आली, तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत ती रक्कम कंपनी देते. बाल्कनीतली कुंडी खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात पडली, घरी आलेला पाहुणा सैल झालेल्या पायरीवरून पडला, किंवा वर सांगितलेली वॉशिंग मशीनची गोष्ट, ही त्याची उदाहरणे. कंपनीच्या परवानगीने केलेला वकिलाचा खर्चही बहुधा मिळतो.

यात ‘कायद्याने जबाबदारी’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे. शेजारधर्म म्हणून आपल्याला जे द्यावेसे वाटते ते कंपनी देत नाही. वादळात शेजाऱ्याचा पत्रा उडाला आणि त्यात आपली काहीच चूक नाही, तर आपली पॉलिसी एक रुपयाही देणार नाही. त्याने स्वतःचा विमा काढला असेल तर त्यालाच तो मागावा लागेल.

आणि काय येत नाही? पहिली गोष्ट म्हणजे आपली माणसे. सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या तर त्या ‘थर्ड पार्टी’ नव्हेत. त्यासाठी आरोग्य विमा किंवा अपघात विमा हवा. दुसरी गोष्ट आपल्या समाजात फार लागू पडते, ती अमानतीची. दुबईला गेलेल्या भावाचे दागिने किंवा शेजारणीचे शिलाई मशीन आपल्याकडे ठेवलेले असते. दुसऱ्याची पण आपल्या ताब्यात असलेली वस्तू दायित्वाच्या भागातून साधारणपणे वगळलेली असते. दुसऱ्याचे सोने सांभाळणारी घरे या बाबतीत अगदी उघड्यावर आहेत, आणि हे सांगायला एजंट कधी येत नाही.

घरातला धंदा हा तर वादाचा मोठा विषय. घरी टिफिन बनवणे, मेहंदीचे किंवा पार्लरचे काम, शिकवणी यांपैकी काहीही सुरू असेल आणि त्या कामातून कुणाला इजा झाली, तर घराची पॉलिसी हात वर करते. विमा घेतानाच हे काम लेखी कळवावे आणि त्याचे संरक्षण वेगळे मागावे. स्कूटर-गाडीमुळे झालेले नुकसान इथे येत नाही, त्यासाठी मोटार वाहन कायद्याखालचा सक्तीचा विमा आहे. जाणूनबुजून केलेले नुकसान, सरकारी दंड आणि आपण करारात स्वतःहून अंगावर घेतलेली जबाबदारी हेही बाहेर.

भिंतीतून हळूहळू झिरपणाऱ्या ओलीबद्दल मात्र कुणी भ्रमात राहू नये. विमा अचानक झालेल्या अपघातासाठी असतो. दोन वर्षे गळणारा संडास हा अपघात नव्हे, ती दुरुस्तीची टाळाटाळ आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, तर संडास-सिंकच्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सभासदाने करायचा. ही भांडणे प्लंबरनेच मिटतात.

भाडेकरूंनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. घरमालकाचा विमा आहे म्हणून आपण सुरक्षित, असे नसते. आपल्या हलगर्जीपणाने आग लागली तर कंपनी मालकाला भरपाई देईल आणि नंतर तीच रक्कम आपल्याकडून वसूल करायला येऊ शकेल.

अपघात झाल्यावर आपली पहिली प्रतिक्रिया काय असते? शेजाऱ्याच्या दारात जाऊन आपण म्हणतो, “भाईजान, माफ करा, जो खर्च होईल तो आम्ही देऊ.” माणुसकीने हे योग्यच आहे. पण दायित्वाच्या पॉलिसीत जवळजवळ नेहमी एक अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये आणि रक्कम देण्याचे वचन देऊ नये. म्हणून माफी मागा, जखमीला दवाखान्यात न्या, भिजलेले सामान उचलायला मदत करा. मात्र कागदावर रकमेची कबुली देऊन सही करू नका. त्याच दिवशी कंपनीला कळवा, फोटो काढा, नोटीस आली तर ती जशीच्या तशी पाठवा.

गॅसची बाब वेगळी आहे आणि त्याबद्दल व्हॉट्सअॅपवर ‘प्रत्येक सिलिंडरवर पन्नास लाखांचा विमा’ असे संदेश फिरत असतात. खरे असे की सरकारी तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी सार्वजनिक दायित्व विमा घेतलेला आहे आणि आपल्याला त्याचा हप्ता भरावा लागत नाही. गॅस अपघातात मृत्यू झाल्यास प्रत्येकी ६ लाख रुपये, उपचारासाठी प्रत्येकी जास्तीत जास्त २ लाख आणि एका घटनेत एकूण ३० लाख, तर नोंदणी असलेल्या पत्त्यावरील मालमत्तेसाठी एका घटनेला जास्तीत जास्त २ लाख, अशा त्याच्या मर्यादा आहेत. घर बदलले पण कनेक्शन जुन्याच पत्त्यावर राहिले, तर शेवटच्या बाबतीत अडचण येणार. घटना घडली की वितरकाला लगेच लेखी कळवावे लागते.

वाचकांच्या मनात एक प्रश्न असणारच: विमा घेणे जायज आहे का? डिसेंबर १९८५ मध्ये जेद्दा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक़ह अकादमीने ठरावीक हप्त्याचा व्यापारी विमा नामंजूर केला आणि सहकारी पद्धतीचा विमा मान्य केला. आखातात राहिलेल्यांना ‘तकाफुल’ परिचित आहे. दुसऱ्याच्या नुकसानीचा भार वाटून घेण्याची कल्पना तर फार जुनी. चुकून झालेल्या हत्येची दियत कुळाने मिळून भरायची, ती ‘आक़िला’ची व्यवस्था अभ्यासक तकाफुलचे मूळ म्हणून दाखवतात. आपल्याकडे घरासाठी तकाफुलची सोय नाही आणि व्यापारी विम्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. मुफ्ती साहेबांना विचारताना एवढे स्पष्ट करावे की ही बचतीची किंवा परताव्याची योजना नाही. दुसऱ्याला द्यावी लागणारी भरपाई भरून देणारा करार आहे. नुसते ‘विमा’ म्हटले की आयुर्विम्याचे उत्तर मिळते.

पॉलिसी घ्यायची ठरलीच, तर एजंटला दोन आकडे लेखी मागा: दायित्वाच्या भागात एका घटनेची मर्यादा किती आणि वर्षभराची किती. दावा नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर आपल्या भागाच्या विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे घेतल्या जातात, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.