पानगळीच्या दिवसांतला गळ

अमेरिकेत हौसेने गळ टाकणाऱ्यांच्या जगात माशांची एक उतरंड आहे. तिच्या माथ्यावर ट्राउट विराजमान आहे, तर पार तळाशी कार्प. जाड ओठांचा, मिशा असलेला, तळाचा चिखल उपसत फिरणारा हा मासा तेथे अनेक वर्षे टाकाऊ समजला गेला. तरीही सप्टेंबरअखेरीस डेन्व्हर शहरातील उद्यानांत पाने पिवळी पडू लागली की, हातात फ्लाय फिशिंगची लवचिक काठी घेतलेली माणसे तळ्याच्या काठाने वाकून, दबक्या पावलांनी चालताना दिसतात. त्यांना ट्राउट नको असतो. ती कार्पच्या शोधात असतात.

हा मासा आपल्याला परका नाही. रोहू, कटला, मृगळ ही त्याच्याच कुळातली मंडळी. महाराष्ट्रातील धरणांच्या पाण्यात सापडणारा व बाजारात ‘सिप्रिनस’ म्हणून विकला जाणारा मासा तो हाच. भारतात तो १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणला गेला. अमेरिकेतही तो पाहुणाच. मात्र त्याचे आगमन मोठ्या थाटात झाले होते. १८७१ मध्ये स्थापन झालेल्या तेथील मत्स्य आयोगाचे पहिले आयुक्त स्पेन्सर बेअर्ड यांना स्वस्त, भराभर वाढणारा आणि कोणत्याही पाण्यात तग धरणारा खाद्य मासा हवा होता. १८७७ मध्ये जर्मनीहून आणलेले ३४५ कार्प बाल्टिमोरच्या ड्रुइड हिल पार्कमधील तळ्यांत सोडण्यात आले. म्हणजे शहरी उद्यानातले तळे हे या माशाचे अमेरिकेतील जणू माहेरच. पुढे त्यांची पिले रेल्वेच्या डब्यांतून देशभर रवाना झाली आणि आपल्या मतदारसंघासाठी कार्प मिळावेत म्हणून लोकप्रतिनिधी मागणी करू लागले. पण थोड्याच वर्षांत सूर पालटला. पाणी गढूळ होते, पाणवनस्पती उपटल्या जातात, बदकांचे अन्न जाते, अशा तक्रारी सुरू झाल्या. ज्याला सरकारी खर्चाने घरोघर पोहोचवले, त्यालाच लोक शिव्या घालू लागले.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय, हे येथे सांगायला हवे. साध्या गळाला वजन असते ते आमिषाचे किंवा शिशाचे. ते वजनच दोरी ओढून दूर नेते. फ्लायमध्ये मात्र आमिष म्हणजे आकड्याला पिसे, केस व दोरा बांधून केलेला नकली कीटक. त्याला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून येथे वजन असते ते जाड दोरीला. काठी मागे-पुढे झुलवून ही दोरी हवेत उलगडायची आणि तिच्या टोकाच्या बारीक, पारदर्शक धाग्याला बांधलेली फ्लाय अलगद पाण्यावर उतरवायची. ही विद्या ट्राउटसाठी विकसित झाली. ती कार्पवर वापरता येते, हे काही वेडे लोक आधीपासून जाणत होते. पण बॅरी रेनॉल्ड्स, ब्रॅड बीफस आणि जॉन बेरीमन यांचे ‘कार्प ऑन द फ्लाय’ हे पुस्तक १९९७ मध्ये निघाले आणि या छंदाला प्रतिष्ठा मिळाली. पुढे गंमत अशी झाली, की ट्राउटच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या ‘ट्राउट अनलिमिटेड’ या संस्थेच्या डेन्व्हर शाखेनेच २००७ मध्ये ‘कार्प स्लॅम’ ही स्पर्धा सुरू केली. शहरातून वाहणाऱ्या साउथ प्लॅट नदीच्या पुनरुज्जीवनासाठी पैसा उभा राहिला तो या तुच्छ माशाच्या जिवावर!

पानगळीचे दिवस यासाठी का निवडायचे? उत्तर पाण्यात आहे. उद्यानांतील तळी बहुधा उथळ असतात. उन्हाळ्यात ती तापतात, शेवाळाने हिरवीगार होतात आणि शेवाळ रात्री प्राणवायू वापरत असल्याने पहाटे माशांचा जीव गुदमरतो. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. समुद्रसपाटीवर २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, तर १० अंशांच्या पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. डेन्व्हर उंचावर असल्याने तेथे हे आकडे कमी भरतात, पण फरक तोच राहतो. रात्री गार होऊ लागल्या की शेवाळ ओसरते, पाणी निवळते आणि तळाशी फिरणारा मासा काठावरून दिसू लागतो. शिवाय हिवाळा जवळ आल्याने तो भुकेला असतो. कार्पला खरे जठर नसते. एकदाच भरपेट जेवून पडून राहणे त्याला जमत नाही. थोडेथोडे, पण सतत खावे लागते. पाणी १५ ते २० अंशांच्या आसपास असेतो हे खाणे जोरात चालते.

त्याचा दिनक्रमही या दिवसांत बदलतो. उन्हाळ्यात पहाट आणि सांज महत्त्वाची. ऑक्टोबरात मात्र घाई करून उजाडताच तळ्यावर जाण्यात अर्थ नाही. थंड रात्रीनंतर उथळ कड उन्हाने तापायला दहा-अकरा वाजतात, तेव्हा मासे काठाकडे सरकतात. सूर्य खाली उतरलेला असल्याने पाण्यावर चकाकी फार येते. ध्रुवीकरण करणारा चष्मा नसेल तर समोरचा पाच किलोचा मासाही दिसत नाही. वाऱ्याने पाने एका काठाला गोळा होतात. तेथे दोरी टाकली की प्रत्येक खेपेस हाती पानच येते, तेव्हा दुसरा काठ धरावा हे बरे.

आता खरी अडचण. कार्प मठ्ठ आहे, हा समज सपशेल खोटा आहे. त्याच्या शरीरातील वायूची पिशवी बारीक हाडांच्या साखळीने कानाशी जोडलेली असते, त्यामुळे काठावरचे जड पाऊलही त्याला कळते. जखमी माशाच्या कातडीतून पाण्यात मिसळणारे द्रव्य इतरांना धोक्याची सूचना देते. एक मासा बिथरला की सारा थवा नाहीसा होतो. म्हणून तळ्यात पोहणाऱ्या प्रत्येक माशावर फ्लाय टाकणे व्यर्थ. शेपटी वर, डोके खाली, भोवती चिखलाचा ढग आणि बुडबुडे, असा जेवणात गढलेला मासा शोधायचा. फ्लाय त्याच्या डोक्यावर पडली तर खेळ संपला. ती त्याच्या पलीकडे टाकून, पृष्ठभागावरून हळूच ओढत आणून, तोंडापुढे एका ताटलीएवढ्या जागेत बुडू द्यायची.

पुढचा क्षण सर्वांत कठीण. कार्प अन्न चावून पकडत नाही. तो ते पाण्यासकट ओढून घेतो, जोखतो आणि नापसंत असल्यास लगेच थुंकतो. त्याचे दात जबड्यात नसून घशात असतात. हाताला झटका जाणवेपर्यंत थांबले तर फ्लाय केव्हाच बाहेर आलेली असते. डोके किंचित वळले, कल्ले फुगले, ओठांची पांढरी कड चमकली, की समजून घ्यायचे आणि दोरी ताणायची. फ्लाय मात्र साधीच असावी. चिखलातल्या लाल अळ्या आणि कीटकांची पिले यांची नक्कल चालते. बदकांना पाव टाकणारी कुटुंबे जेथे नेमाने येतात, तेथे हरणाच्या केसांचा पांढरा ‘पाव’ही काम करतो. ट्राउटच्या शौकिनांना तो पाहवत नाही, ही बाब वेगळी.

कोलोरॅडोत १६ वर्षांपासून पुढच्या व्यक्तीला राज्याचा परवाना घ्यावा लागतो. तो घेतला की सिटी पार्कातील फेरिल लेक, वॉशिंग्टन पार्कातील स्मिथ व ग्रासमिअर किंवा स्लोन्स लेक ही तळी बसने गाठता येतात. डोंगरातल्या खासगी नदीकाठासाठी पैसे मोजण्याची ऐपत नसणाऱ्यांना ही मोठीच सोय आहे.

प्रश्न उरतो तो पकडलेल्या माशाचे करायचे काय, हा. बहुतेक जण तो ओल्या हातांनी धरून पुन्हा पाण्यात सोडतात. यावर पर्यावरणप्रेमींचा आक्षेप असतो, की बाहेरून आलेल्या उपद्रवी माशाला जीवदान कशाला? आक्षेप निराधार नाही. तळ उकरताना कार्प गाळातले फॉस्फरस पाण्यात मिसळतो आणि पुढच्या उन्हाळ्यातल्या शेवाळाची सोय करून ठेवतो. मात्र गळाने तळे कार्पमुक्त होईल, ही आशा भाबडी आहे. मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. गळाला महिन्यात दहा-वीस मासे लागले तरी संख्येत फरक पडत नाही.

परिणामकारक उपाय वेगळाच आहे आणि त्याचा धागाही पानगळीनंतरच्या थंडीशी जुळतो. पाणी फार थंड झाले की कार्प खाणे जवळजवळ थांबवतात आणि मोठ्या संख्येने एकत्र गोळा होतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी काही माशांच्या अंगात रेडिओ-प्रक्षेपक बसवून त्यांना पुन्हा तळ्यात सोडले. हे ‘फितूर’ मासे आपल्या थव्यात जाऊन मिसळले, त्यांच्या संदेशांवरून थव्याची जागा कळली आणि बर्फाखालून जाळे ओढून तळ्यातील बहुसंख्य कार्प एकाच वेळी बाहेर काढता आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीला ख्रिस्ताचा विश्वासघात करणाऱ्या जुडासचे नाव मिळाले आहे.