हँडल किती उंच असावें?

पुढें दोन घसरपट्ट्या, मागें फिरणारा रबरी पट्टा आणि वळविण्यास सायकलीसारखें हँडल, असें स्नोमोबाइल या वाहनाचें रूप असतें. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत जोसेफ-आर्मां बोंबार्दिये यांनीं १९५९ सालीं 'स्की-डू' ही लहान गाडी बाजारांत आणली, आणि हें वाहन सामान्य कुटुंबांच्या आटोक्यांत येऊं लागलें.

गेल्या हिवाळ्यांत मी त्याच प्रांतांत पुतण्याकडे राहिलों होतों. त्याची गाडी तो, सूनबाई व अठरा वर्षांचा नातू असे तिघे आळीपाळीनें चालवीत. शेजाऱ्याचें पाहून पुतण्यानें सुकाणूचा दांडा व हँडल यांच्यामध्यें सहा इंचांचा रायझर, म्हणजे उंची वाढविणारा धातूचा ठोकळा, बसविला. आठ दिवसांत सूनबाईंचे खांदे दुखूं लागले. वळणावर गाडी सरळच जाऊं पाहते, ही तक्रार निराळीच!

कारण उघड आहे. हँडल फार उंच झालें कीं अंगाचा भार मागें सरतो, पुढच्या पट्ट्यांवरील दाब कमी होतो आणि गाडी सुकाणूस दाद देत नाहीं. तें फार ठेंगणें असल्यास उभ्यानें चालवितांना कमरेंत वांकावें लागून पाठ भरून येते. डोंगरांतील खोल, भुसभुशीत बर्फांत स्वार बहुधा उभा असतो. त्याला उंच हँडल सोयीचें. मळलेल्या वाटेनें बसून जाणाऱ्यास कमी उंची पुरते.

परीक्षा सोपी आहे. नेहमींचे जाड कपडे व बूट घालून गाडीवर उभें राहावें, गुडघे किंचित् वांकवावे. खांदे सैल आणि कोपरें थोडीं वांकलेलीं असतां हात सहज जेथें येतील, ती आपली उंची. मग बसूनही पाहावें. फरक एकेक इंचानेंच करावा.

परंतु उंची वाढली तरी तारा जुन्याच राहतात, हें विसरूं नये. एके सकाळीं अंगणांत पुतण्यानें गाडी चालू करून हँडल पुरतें डावीकडे वळविलें, तोंच अंगठा न लावतां इंजिन गर्जलें व गाडी हातभर पुढें सरकली. समोर नातू उभा होता! पुतण्यानें तत्काळ बंद करण्याची कळ दाबली म्हणून निभावलें. वेगाची तार आंखूड पडून ताणली गेली होती. म्हणून रायझर बसविल्यावर इंजिन बंद असतांनाच हँडल दोन्हीं बाजूंस शेवटपर्यंत फिरवावें. वेगाची तार, ब्रेकची नळी व विजेच्या तारा कोठें ताणत नाहींत ना, हें पाहावें. ताणत असल्यास लांब तारा घालाव्या, नाहींतर उंची उतरवावी.

आमच्या घरीं सूनबाईंच्या मापानें तीन इंच ठरले. उंच माणसास थोडें वांकतां येतें. ठेंगण्यास हात लांबवितां येत नाहींत. शाळेंत बाकांची उंची ठरवितांना मीं हाच नियम पाळीत असें.